‘निर्धास्त खा!’ – एका आश्वासनाचा इतिहास

सन १९९० च्या मे महिन्याची सोळा तारीख. इंग्लंडच्या पूर्व भागातील इप्स्विच येथे होड्यांचे एक प्रदर्शन भरले होते. ब्रिटनचे कृषिमंत्री जॉन गमर आपल्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन तेथे गेले आणि जमलेल्या छायाचित्रकारांसमोर त्यांनी गोमांसाच्या खिम्याची वडी घातलेला पाव, म्हणजे तिकडचा बर्गर, तिच्या तोंडापुढे धरला. दुसऱ्या दिवशी ते छायाचित्र घरोघर पोहोचले. मंत्र्याने आपल्या पोटच्या पोरीला जे भरवले, त्याविषयी इतरांनी शंका ती काय घ्यावी? त्या एका चित्राने जे सांगितले, ते दहा सरकारी पत्रके छापूनही सांगता आले नसते.

हे ढोंग होते असे पुढे पुष्कळांनी म्हटले. ते खरे नव्हे. गमर यांचा आपल्या म्हणण्यावर विश्वास होता. आणि या हकीकतीतील विचार करायला लावणारा भाग तोच आहे. खोटे बोलणाऱ्या राज्यकर्त्यांच्या गोष्टी इतिहासात पैशाला पासरी मिळतात. पण येथे प्रामाणिक माणसांनी, विद्वानांच्या सल्ल्याने, लोक घाबरू नयेत या सद्हेतूने एक आश्वासन दिले. आणि सहा वर्षांनी ते त्यांच्याच तोंडून त्यांना परत घ्यावे लागले. गोव्यात वा हैदराबादेत ज्या घरांत रविवारच्या जेवणात हे मांस असते, त्यांना ही हकीकत जितकी जवळची वाटेल, तितकीच ती ज्यांच्या घरी ते वर्ज्य आहे त्यांनाही वाटावी. कारण हा रोग ताटातून आला हे खरे असले, तरी तो ताटापाशी थांबला नाही.

हकीकतीचा आरंभ १९८४ च्या डिसेंबरात होतो. ससेक्स परगण्यात पिट्सहॅम नावाच्या शेतावर नाताळच्या तोंडावर पशुवैद्याला बोलावणे गेले. १३३ क्रमांकाची गाय पाठीला कमान काढून उभी राहात होती आणि वाळत चालली होती. पुढे तिचे डोके थरथरू लागले, चालताना तोल जाऊ लागला. आणि १९८५ च्या फेब्रुवारीत ती मेली. त्याच गोठ्यातील आणखी काही गाई त्याच वाटेने गेल्या. सप्टेंबरात त्यांतील एकीचा मेंदू वेब्रिज येथील मध्यवर्ती पशुरोग प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासला गेला, तेव्हा त्यात स्पंजासारखी बारीक बारीक छिद्रे दिसली. तपासणाऱ्यांनी ती पाहिली, नोंदली. पण खाण्यातून काही विष गेले असावे, अशा समजुतीवर प्रकरण मिटले. १९८६ च्या नोव्हेंबरात दुसऱ्या गावांच्या गाईंचे मेंदूही तसेच चाळणीसारखे झालेले आढळले, तेव्हा कोठे हा एक नवाच रोग आहे हे प्रयोगशाळेने ओळखले. त्याला ‘बोव्हाइन स्पाँजिफॉर्म एन्सेफॅलोपथी’ असे लांबलचक नाव मिळाले, त्याचे संक्षिप्त रूप बीएसई. सामान्य माणसाने आपल्यापुरते ‘मॅड काऊ’ म्हणजे वेड्या गाईचा रोग असे सोपे नाव ठेवले.

१९८७ च्या पूर्वार्धात ही बातमी बाहेर फारशी जाऊ नये असे खात्याचे धोरण होते. निर्यातीवर परिणाम होईल, ही भीती. म्हणजे लोकांना सांगावे की न सांगावे, हा प्रश्न रोगाच्या जन्मापासूनच त्याच्या सोबतीला आला.

रोग आला कोठून, याचा शोध मात्र झपाट्याने लागला, आणि त्याचे श्रेय वेब्रिजच्या जॉन वाइल्स्मिथ यांना दिले पाहिजे. गोठ्यागोठ्याची माहिती जमवून १९८७ च्या अखेरीस त्यांनी निष्कर्ष काढला की, आजारी गाईंना जोडणारा एकच धागा आहे, तो म्हणजे त्यांचे खाद्य. आपल्याकडील शेतकरी दुभत्या गाईला कडबा घालतो, सरकी किंवा शेंगदाण्याची पेंड भिजवून आंबोण ठेवतो. विलायतेत अधिक दुधासाठी आणि वासरांच्या झटपट वाढीसाठी खाद्यात प्रथिने मिसळण्याची रीत फार दिवसांची. ती प्रथिने स्वस्तात मिळण्याचा मार्ग म्हणजे कसाईखान्यात उरलेले अवशेष. हाडे, आतडी, मुंडकी, मेलेली जनावरे हे सारे मोठ्या कढयांतून उकळून चरबी वेगळी काढायची आणि उरलेल्या चोथ्याची भुकटी करायची. ही हाडामांसाची भुकटी खाद्याच्या गोळ्यांत मिसळून गाईंच्या पुढे येई. गवत खाणारा प्राणी आपल्याच जातीच्या अवशेषांवर पोसला जात होता, आणि गोळीच्या रूपात ते आल्यामुळे पुष्कळ शेतकऱ्यांना त्याची कल्पनाही नव्हती. एखाद्या गाईत रोग उपजला की तिचा मेंदू त्या कढईत जाई आणि तेथून शेकडो वासरांच्या पोटात. रोग दिसायला चार-पाच वर्षे लागत. तोवर तीच वासरे गाई होऊन पुन्हा कढईपर्यंत पोहोचलेली असत.

अशा आजारांची ओळख शास्त्रज्ञांना अगदीच नव्हती असे नाही. मेंढ्यांना ‘स्क्रेपी’ नावाचा रोग होतो. मेंढी अंग खाजवत कुंपणाला घासत राहते, लटपटते आणि मरते. इंग्लंडात त्याची नोंद अठराव्या शतकापासून आहे. माणसातही क्रॉइट्सफेल्ट आणि याकोब या दोन जर्मन वैद्यांनी १९२० च्या सुमारास वर्णिलेला, उतारवयात होणारा असा एक दुर्मीळ आजार आहे. आणि तिसरा दाखला पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ मुलखातला. तेथील फोरे जमातीत ‘कुरू’ नावाच्या व्याधीने विशेषतः बायका आणि मुले थरथर कापत, तोल जाऊन मरत. १९५७ मध्ये गाजडुसेक आणि झिगास या वैद्यांनी त्याचे वर्णन जगापुढे मांडले. त्या जमातीत मृत आप्ताच्या प्रेताचे मांस श्रद्धेने खाण्याचा अंत्यविधी होता. मेंदूसारखे भाग बायका-मुलांच्या वाट्याला येत, आणि रोगही त्यांच्याच वाट्याला येई. १९५९ मध्ये विल्यम हॅडलो या अमेरिकन पशुवैद्याने कुरूग्रस्तांच्या मेंदूची चित्रे पाहिली. मेंढ्यांच्या स्क्रेपीशी त्यांचे विलक्षण साम्य आहे, हे त्यांनी एका पत्राने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निदर्शनास आणले. पुढे कुरूची बाधा माकडांत उतरवून दाखवण्यात आली आणि १९७६ चे नोबेल पारितोषिक गाजडुसेक यांना मिळाले. कुरूने आणखी एक गोष्ट शिकवली होती. तो विधी १९५० नंतरच्या दशकात बंद पडला, तरी लहानपणी त्यात सामील झालेली माणसे चाळीस-चाळीस वर्षांनीही त्याने मरत राहिली.

या रोगांचे बीज म्हणजे जंतू नव्हे की विषाणू नव्हे. ते एक विकृत घडणीचे प्रथिन असून शेजारच्या निरोगी प्रथिनालाही ते आपल्यासारखे वाकडे करते, असा सिद्धान्त अमेरिकेतील स्टॅन्ली प्रूसिनर यांनी १९८२ मध्ये मांडला आणि त्या प्रथिनाला ‘प्रायॉन’ म्हटले. आरंभी त्यांची पुष्कळ टिंगल झाली. १९९७ मध्ये त्यांनाही नोबेल पारितोषिक मिळाले. स्वयंपाकघराच्या दृष्टीने यातले मर्म एवढेच की, हे बीज शिजवण्याने, उकळण्याने मरत नाही. जे जिवंतच नाही ते मरणार कसे?

आता मुख्य प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. गाईचा हा रोग ते मांस खाणाऱ्या माणसाला होतो काय? १९८८ मध्ये सरकारने या प्रश्नाचा विचार करण्यासाठी ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्रज्ञ सर रिचर्ड साउथवुड यांच्या अध्यक्षतेखाली चार विद्वानांचे एक मंडळ नेमले. त्याच्या पहिल्याच बैठकीनंतर आजारी जनावरे माणसाच्या खाण्यात येऊ न देता मारून नष्ट करावीत, असा सल्ला मिळाला आणि ऑगस्टपासून तो अमलात आला. तोपर्यंत, म्हणजे रोग ओळखल्यावर जवळजवळ दोन वर्षे, लटपटणारी गाय कसाईखान्यात पाठवण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या अवशेषांची भुकटी अशाच जनावरांना घालण्यास १८ जुलै १९८८ पासून बंदी आली.

साउथवुड मंडळाचा अहवाल १९८९ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला. त्याचा मथितार्थ दोन वाक्यांचा होता. माणसाच्या आरोग्यावर या रोगाचा काही परिणाम होण्याचा संभव फारच थोडा दिसतो, हे पहिले. पण हा अंदाज चुकला, तर परिणाम अत्यंत गंभीर होतील, हे दुसरे. पहिले वाक्य मंत्र्यांच्या भाषणांत, पत्रकांत आणि संसदेतील उत्तरांत वारंवार येऊ लागले. दुसरे मात्र अहवालाच्या पानातच राहिले. वस्तुतः दुसऱ्यावाचून पहिल्याला अर्थ नव्हता. मेंढ्यांच्या रोगाने अडीचशे वर्षांत माणसाला काही केले नाही, तेव्हा गाईचा रोगही करणार नाही, या तर्कावर तो सारा अंदाज उभा होता. तर्क वाजवी होता, पण तो तर्क होता. याच अहवालात रोगाने एकूण १७ ते २० हजार गाई दगावतील असेही भाकीत होते. प्रत्यक्षात एकट्या ब्रिटनमध्ये १ लाख ८० हजारांवर गाईंत रोग सिद्ध झाला. एक भाकीत नऊपट चुकत असताना दुसऱ्याकडे कोणी पुन्हा वळून पाहिले नाही.

अहवालातील आणखी एक शिफारस लहान दिसते, पण तिच्यात सारी विसंगती साठलेली होती. तान्ह्या मुलांसाठी डब्यांतून विकल्या जाणाऱ्या खाद्यात गुरांचे मेंदू आदी भाग घालू नयेत, असे मंडळाने सुचवले होते. लोकांनी साहजिकच विचारले की, जे बाळाला चालत नाही, ते बाळाच्या आईला कसे चालते? पाच वर्षांचे मूल डब्यातले खाद्य सोडून पंक्तीला बसू लागले, की ते त्या धोक्यातून एकाएकी सुटते काय? या प्रश्नाला उत्तर नव्हते. त्यामुळेच १९८९ च्या नोव्हेंबरात इंग्लंड आणि वेल्समध्ये सर्वच माणसांच्या आहारातून गुरांचा मेंदू, मज्जारज्जू, प्लीहा, आतडी आणि घशातील गाठी वगळण्याचा कायदा झाला. या एका कायद्याने पुढे किती जीव वाचवले याची गणती होणार नाही. पण सरकारने तो जाहीर केला तो जणू काही केवळ कारभाराच्या सोयीसाठी, फारशी गरज नसताना घेतलेली खबरदारी म्हणून. याचे फळ पुढे कसाईखान्यांत दिसले. ज्याला सांगितले आहे की हे काम तसे अनावश्यकच आहे, तो दिवसाकाठी शेकडो धडे हाताखालून जात असताना कण्यातील मज्जारज्जूचा प्रत्येक तुकडा कशाला वेचून काढील? १९९५ मध्ये न कळवता केलेल्या तपासण्यांत धडांना मज्जारज्जूचे तुकडे तसेच चिकटलेले आढळले. शिवाय कण्याच्या हाडांना चिकटून राहिलेले मांस यंत्राच्या दाबाने खरवडून काढण्याची पद्धत होती. तो लगदा स्वस्त खिम्यात, सॉसेजमध्ये, बर्गरच्या वड्यांत जाई. या पद्धतीला कण्यापुरती बंदी झाली ती १९९५ च्या डिसेंबरात.

१९९० च्या मे महिन्यात ब्रिस्टल येथील एक सयामी मांजर अशाच रोगाने मेल्याचे जाहीर झाले. मेंढीचा रोग कधी मांजराला झाला नव्हता. म्हणजे गाईचा रोग मेंढीच्या रोगापेक्षा वेगळा होता आणि जातीची सीमा ओलांडू शकत होता. साउथवुड यांच्या तर्काचा पायाच त्या मांजराने हलवला. काही ठिकाणच्या शिक्षण-अधिकाऱ्यांनी शाळेच्या दुपारच्या जेवणातून गोमांस काढून टाकले. त्यांना शास्त्र कळत होते असे नव्हे. परक्यांची मुले सांभाळणाऱ्याला जी सावधगिरी सुचते, ती त्यांना सुचली इतकेच. त्यावर देशाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी सर डोनाल्ड अ‍ॅचिसन यांनी निवेदन काढले की, मोठी माणसे, मुले आणि रुग्णालयांतील रोगी या सर्वांनी गोमांस खाण्यास हरकत नाही. इप्स्विचचा तो प्रसंग याच आठवड्यातला.

उलट बाजूने बोलणारे थोडे होते. लीड्सचे सूक्ष्मजंतुशास्त्राचे प्राध्यापक रिचर्ड लेसी यांनी रोग शिरलेले कळपच्या कळप नष्ट करावेत, असा आग्रह धरला. कॉमन्स सभेच्या कृषिसमितीने त्यांची साक्ष घेतली आणि या गृहस्थांचा वास्तवाशी संबंध सुटलेला दिसतो, अशा आशयाचा शेरा आपल्या अहवालात मारला. लेसी यांची काही भाकिते पुढे फार अतिशयोक्त ठरली, हेही सांगितले पाहिजे. पण मूळ प्रश्नाबाबत ते बरोबर होते आणि समिती चुकली होती.

इकडे गोठ्यांत काय चालले होते? १९८८ ची खाद्यबंदी जितकी कडक वाटली तितकी नव्हती. शिल्लक माल खपवण्यासाठी कारखान्यांना पाच आठवड्यांची सवलत मिळाली होती, आणि विकत घेतलेली पोती शेतकऱ्यांनी पुढेही वापरून संपवली. डुकरे आणि कोंबड्या यांच्या खाद्यात ही भुकटी घालण्यास मुभाच होती. एकाच गिरणीत सकाळी कोंबड्यांचे खाद्य आणि दुपारी गाईंचे, अशी कामे चालत, आणि यंत्राच्या सांध्यांत राहिलेली भुकटी दुसऱ्या खाद्यात मिसळे. चिमूटभराने काय होते, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु रोगी मेंदूचा एक ग्रॅम, किंबहुना त्याहूनही कमी अंश गाईला पुरेसा होतो, हे प्रयोगांनी नंतर कळले. बंदीनंतर जन्मलेल्या चाळीस हजारांहून अधिक गाईंना रोग झाला. १९९२ या एकाच वर्षी ३७ हजारांवर गाई दगावल्या. हाडामांसाची भुकटी सर्वच पाळीव पशूंच्या खाद्यातून हद्दपार झाली ती १९९६ च्या ऑगस्टमध्ये.

एवढे होत असतानाही आश्वासन बदलले नाही. १९९३ मध्ये नवे मुख्य वैद्यकीय अधिकारी सर केनेथ कॅल्मन यांनी तेच सांगितले. १९९५ च्या डिसेंबरात पंतप्रधान जॉन मेजर यांनी कॉमन्स सभेत सांगितले की, हा रोग गाईपासून माणसाला होतो असा शास्त्रीय पुरावा नाही. त्यातले अक्षर न् अक्षर त्या दिवशी खरे होते. पण ‘पुरावा नाही’ हे वाक्य ऐकणाऱ्याच्या कानात ‘धोका नाही’ असे उमटते, आणि ते तसे उमटावे अशीच बोलणाऱ्याची अपेक्षा होती. ‘सुरक्षित’ या शब्दाचेही तेच. परगावी निघालेल्याला आपण ‘सुखरूप जा’ म्हणतो, तेव्हा रस्त्यावर अपघात होतच नाहीत असे आपल्याला म्हणावयाचे नसते. अधिकाऱ्यांच्या मते ‘सुरक्षित’चा अर्थ असाच, नित्याच्या व्यवहारातला होता. शिवाय मेंदू, मज्जारज्जू इत्यादी भाग काळजीपूर्वक काढले आहेत, ही अटही त्यात गृहीत होती. बाजारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या गृहिणीला ती अट कोणी सांगितली नव्हती.

एडिंबरो येथे १९९० मध्येच डॉ. रॉबर्ट विल यांच्या देखरेखीखाली एक पथक नेमण्यात आले होते. क्रॉइट्सफेल्ट-याकोब रोगाचा देशातील प्रत्येक रुग्ण तपासायचा आणि काही नवे दिसते काय ते पाहायचे, एवढेच त्याचे काम. १९९५ च्या मे महिन्यात एकोणीस वर्षांचा एक तरुण मरण पावला. हा रोग सहसा साठी उलटलेल्यांना होतो. एकोणिसाव्या वर्षी तो अश्रुतपूर्वच म्हणावा लागेल. मग आणखी एक तरुण रुग्ण आला, आणखी एक आला. आजाराची चालही निराळी होती. आरंभी खिन्नता, एकलकोंडेपणा, हातापायांत दुखणे. घरच्यांना वाटे, वयाचा परिणाम आहे, परीक्षेची धास्ती असेल, मन रमत नसेल. कित्येकांना मानसोपचारतज्ज्ञांकडे नेण्यात आले. नंतर तोल जाऊ लागे, बोलणे अडखळे, आठवण पुसत जाई. आणि सुमारे वर्ष-सव्वा वर्षात सारे संपे. मरणाच्या वेळी यांतील निम्म्याहून अधिक रुग्णांनी तिशीही ओलांडलेली नव्हती. धडधाकट मुलाला भरवायला, उचलून बसवायला लागलेल्या आईबापांना आपल्याच हातचे जेवण आठवे, ही त्या दुःखातली आणखी एक जखम.

२० मार्च १९९६ रोजी आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल कॉमन्स सभेत उभे राहिले. दहा तरुण रुग्ण आढळले आहेत आणि १९८९ च्या कायद्यापूर्वी गाईच्या रोगाशी आलेला संबंध हेच त्याचे सर्वांत संभवनीय कारण दिसते, असे त्यांनी सांगितले. एका आठवड्यात युरोपीय संघाने ब्रिटिश गोमांसाची निर्यात जगभर बंद पाडली. तीस महिन्यांवरील गुरांचे मांस खाण्यातून वगळण्याचा नियम झाला, आणि केवळ खबरदारी म्हणून सुमारे ४४ लाख गुरे मारून नष्ट करण्यात आली. त्यांतील बहुतेकांना रोग झालेला नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेले कळप एका दिवसात गाडीत चढताना पाहणाऱ्या शेतकऱ्यांचा यात दोष तो काय? त्यांनी विकत घेतलेल्या पोत्यावर आत काय आहे हेही नीट लिहिलेले नसे. १९९७ मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी माणसांतील नवा रोग आणि गाईंचा रोग यांचे बीज एकच असल्याचे सिद्ध केले.

१९९७ मध्येच अशी एक तरुण रुग्ण पुढे आली, जिने सुमारे बारा वर्षांपूर्वीच मांसाहार सोडला होता. बीज त्याआधीच्या जेवणातून आले असावे, हा त्याचा सरळ अर्थ. कुरूने तो पूर्वीच सांगून ठेवला होता. आज न खाणारा माणूस काल काय खाल्ले याच्या हिशेबातून सुटत नाही.

लॉर्ड फिलिप्स यांच्या चौकशी-मंडळाने या साऱ्याची छाननी केली आणि २००० च्या ऑक्टोबरात सोळा खंडांचा अहवाल दिला. सरकार जनतेशी खोटे बोलले नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. धोका दूरचा आहे असे सरकारला मनापासून वाटत होते. पण लोक भडकतील, घाबरतील, या विचाराने त्याला इतके ग्रासले होते की शंका बोलून दाखवण्याऐवजी ती शांत करण्यातच शक्ती खर्च झाली. म्हणूनच १९९६ ची घोषणा ऐकताच लोकांना आपला विश्वासघात झाला असे वाटले. हा अहवाल येतो न येतो तोच जर्मनीत त्याच नाटकाचा दुसरा प्रयोग झाला. आमच्या गाई निर्दोष आहेत असे तेथे वर्षानुवर्षे सांगितले जात होते. २००० च्या नोव्हेंबरात जर्मनीत जन्मलेल्या गाईत रोग सापडला आणि जानेवारीत आरोग्य व कृषी या दोन्ही खात्यांच्या मंत्र्यांना पायउतार व्हावे लागले.

हिंदुस्थानचे नाव या प्रकरणात एकदा आले, तेही विचित्र रीतीने. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ॲलन आणि नॅन्सी कोल्चेस्टर यांनी एक कल्पना मांडली. १९६० नंतरच्या वीसेक वर्षांत भारतीय उपखंडातून ब्रिटनला खत आणि पशुखाद्य यांसाठी हाडे मोठ्या प्रमाणात जात असत. नदीत सोडलेल्या प्रेतांची हाडे त्यांत मिसळली असावीत, आणि माणसाचा रोग तेथून गाईंत गेला असावा, अशी ती कल्पना. त्याच अंकात बंगलोरच्या ‘निम्हान्स’ संस्थेचे डॉ. शंकर आणि डॉ. सतीशचंद्र यांनी तिची शांतपणे चिकित्सा केली. भारतात हा मानवी रोग मुळात अत्यंत विरळ, दहनाची रूढी सार्वत्रिक, आणि लक्षावधी जनावरांच्या हाडांत अशा एखाद्या प्रेताचा अंश किती असणार, असा त्यांचा रोख होता. अशा कल्पनांना पुराव्याची जोड लागते, आणि ती आजवर मिळालेली नाही. भारतातील गुरांत हा रोग कधी आढळलेला नाही. जागतिक पशुआरोग्य संघटनेने २०१० मध्ये भारताची गणना नगण्य धोक्याच्या देशांत केली. आपल्या शेतकऱ्याची पेंड आणि कडबा यांच्या मागे दूरदृष्टी होती की परिस्थिती, हा वाद बाजूला ठेवला, तरी त्याच्या गाईला गाय खाऊ घातली गेली नाही, हे खरे.

ब्रिटनमध्ये या रोगाने एकूण १७८ माणसे गेली, जगभरात सुमारे २३०. एका वर्षातील सर्वांत मोठा आकडा २८, तो २००० सालचा. १९९६ नंतर काही तज्ज्ञ लाखांच्या गोष्टी बोलत होते, त्या मानाने ही संख्या लहान. गाईंतील रोगही ओसरला. अधूनमधून एखादी गाय सापडते, जशी २०१८ मध्ये अ‍ॅबर्डीनशायरमध्ये आणि २०२१ मध्ये सॉमरसेटमध्ये सापडली, तेव्हा ती अन्नाच्या साखळीत शिरण्यापूर्वीच नष्ट केली जाते. दुधातून रोग पसरल्याचा दाखला नाही. खाद्यावरील बंदी आणि मेंदू-मज्जारज्जू काढून टाकण्याचा नियम जेथे काटेकोर पाळला जातो, तेथील गोमांसापासून या रोगाचा धोका आज अत्यल्प आहे. १९९० मध्ये हेच वाक्य उच्चारले गेले होते. फरक त्यातील ‘जेथे’पासून ‘तेथील’पर्यंतच्या शब्दांचा आहे.

हिशेब मात्र पुरता मिटलेला नाही. रक्त दिल्याघेतल्यानेही हा रोग जातो, हे २००३ च्या डिसेंबरात उघड झाले. याच भीतीने १९८० ते १९९६ या काळात काही महिने ब्रिटनमध्ये राहिलेल्या माणसाचे रक्त अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया ही राष्ट्रे त्याआधीपासूनच घेत नसत. त्याने तेथे मांसाला स्पर्शही केला नसला, तरी नियमाला ते विचारण्याचे कारण नव्हते. ही बंदी २०२२ मध्ये उठली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ब्रिटिश रुग्णालयांतून शस्त्रक्रियेने काढलेली ३२,४४१ आंत्रपुच्छे तपासली होती. त्यांपैकी सोळांत ते विकृत प्रथिन सापडले, म्हणजे दोन हजारांत एक. या माणसांना काही त्रास नव्हता, आणि त्यांतील किती जणांना तो पुढे होईल हे सांगता येत नाही. एडिंबरोचे ते पथक अजून काम करीत आहे.